ग्रहणाचा बोल

७ फेब्रुवारी. छताचं पीओपी झालं म्हणून फरशी पुसत होते. ओल्या प्लास्टरच्या वासानं लेकीचं बाळंतपण आठवलं. नातवाचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले होते. अकोल्याहून तिची सासू आली नि म्हणाली, "गिरानात विळीवर बसली असन, दुसरं काय." लेकीचं जेवणच सुटलं. मी दोघींना अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. त्या म्हणाल्या, "ग्रहणाचा काही संबंध नाही. नेमकं कारण बहुधा सापडत नाही, कधी घराण्यातही असतं. दर आठवड्याला प्लास्टर बदलू, पाय सरळ होतील." विहीणबाई म्हणाल्या, "माह्या भावाचेबी असेच होते. मायले सासरी जलमभर बोलत राह्यले." घरी येऊन लेक पोटभर जेवली. नातू आता शाळेत पळतच जातो. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई पहिलं प्लास्टर घालत असताना मी बाळ विहीणबाईंच्याच मांडीवर दिलं.