अ‍ॅम्प्लिफायरमधला चोर

आमचे हे जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात आणि माणसांशी बोलायचं टाळतात. नणंदेने लहानपणी त्यांना घुम्या म्हणायला सुरुवात केली, ते नाव आता गिऱ्हाइकांपर्यंत पोचलंय. दुकानात बोलायचं काम माझं. त्यांचा हट्ट एकच. बिघाड सापडला की तो भाग गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "हा चोर." चोर हातात दिल्याशिवाय यंत्र परत करायचं नाही. त्यापायी लोकांची किती बोलणी मी खाल्लीत ते माझं मला ठाऊक.

त्या गिटारवाल्याच्या वेळीही तेच. काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प, लाकडी खोक्यातला, त्याच्या वडिलांचा. वडील गेले, आता हा वाजवतो.

"काकू, घरी वाजवायला बसलं की घरघर सुरू," तो म्हणाला. "मध्येच आपोआप थांबते, मग पुन्हा येते. वैताग आलाय नुसता. या वेळी नाही जमलं तर विकून टाकणार."

यांनी मागची फळी काढली, आवाज वाढवला आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकत बसले. आतून सैल झालेला व्हॉल्व्ह ठोकला की स्पीकरमधून टण्ण वाजतं म्हणे. काही वाजलं नाही. मग व्हॉल्व्ह बदलून पाहिले, तारांचे सांधे लाकडी काडीने हलवून पाहिले, स्पीकरला कान लावून डोळे मिटून बसले. जेवण गार झालं. अ‍ॅम्प गप्प, हेही गप्प. मी बोलू कोणाशी?

"काय त्याचा पिच्छा पुरवताय? चांगला आहे तो. देऊन टाका ना!"

"चोर कुठाय?" एवढंच.

शेवटी म्हणाले, त्याच्या घरी जाऊन बघू. यांची पाठ धरलेली होती, म्हणून हत्यारांची पिशवी आणि टॉर्च घेऊन मी मागे.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत गिटार, आतल्या खोलीत त्याची आई. आईच्या नाकाला नळी, पलंगाच्या पायथ्याशी ऑक्सिजनचं मशीन धडधडत होतं. वीज गेली की ओरडणारा त्याचा भोंगा कधीचाच मुका झालेला. मशीनची वायर उशाजवळच्या बोर्डात होती. त्याच भिंतीच्या अलीकडे, पुढच्या खोलीत, अ‍ॅम्पचा प्लग.

आईला त्रास नको म्हणून मुलगा दार लोटून वाजवायचा. तसाच तो बसला, हे त्याच्याजवळ जमिनीवर. मी आत आईपाशी टेकले. गिटार सुरू झाली आणि खरोखरच, घरघर! भिंतीतूनसुद्धा ऐकू येत होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला आणि बोर्डावरचं बटण बंद केलं. मशीन थांबलं. पलीकडची घरघरही थांबली.

"बघा काका! थांबली की नाही आपोआप?" मुलगा ओरडला आणि मन लावून वाजवायला लागला. छान वाजवत होता, खोटं कशाला बोलू. आई डोळे मिटून ऐकत होती आणि तिचे ओठ निळे पडत चालले होते.

मी झटकन बटण चालू केलं. "अहो आई, जीव द्यायचाय का?"

"थोडा वेळच... करते," ती धापा टाकत म्हणाली. "त्याला नका सांगू. वैतागून विकेल. ह्यांचा आहे तो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असली कसली माया! पोराला बोलवायला उठले, तर दारात हे उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला हातानेच थांबवलं. मी एकटी असते तर सांगून मोकळी झाले असते.

"आधी चोर," म्हणाले. मेन स्विच पाडून, म्हणजे तेवढा वेळ मशीनही बंदच, त्यांनी बोर्ड उघडला. आत अर्थिंगच्या तारेचा स्क्रू जळून काळा पडला होता, तार नुसती लोंबत होती. त्यामुळे मशीनची घरघर अ‍ॅम्पमध्ये शिरत होती. नवा स्क्रू बसला. आईचं सगळं लक्ष घड्याळाकडे, माझं तिच्या ओठांकडे. त्यानंतर यांनी आणखी एक तार इकडची तिकडे केली. ती कशासाठी ते मला कळलं नाही, मी टॉर्च धरून होते.

वीज आली, मशीन सुरू झालं. मुलाने गिटार छेडली. घरघर नाही. यांनी काळा स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा चोर."

"एवढासा?" तो हसायला लागला.

"प्लग मात्र इथेच लावायचा. दुसरीकडे नाही."

मग हा घुमा माणूस आत येऊन चक्क आईच्या पलंगावर बसला.

"आई, आता दोन्हीला मिळून एकच बटण केलंय. तुम्ही हे बंद केलंत की मशीन बंद, आणि त्याचा अ‍ॅम्पही बंद. त्याची गिटार ऐकायची असेल, तर हे चालू ठेवावं लागेल."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "फार वाईट आहात हो तुम्ही," म्हणाली, आणि रडायला लागली. मलाही रडू आलं, लपवायचं काय त्यात.

पलीकडे मुलाने पुन्हा वाजवायला घेतलं. सवयीने आईचा हात बोर्डाकडे गेला, अर्ध्यावरून परत आला. मशीनच्या धडधडीत तिला नीट ऐकू येत नव्हतं.

"दार उघडायला सांगा त्याला," ती म्हणाली.

मीच उठून उघडलं.