काळूच्या गाठीनंतर

मोखाड्याच्या स्टँडवर जीप भरली, तेव्हा बाबा आमच्या कुत्र्याचा, काळूचा, कान धरून खाली उभे होते, नाहीतर तो माझ्याबरोबर आत चढला असता. "शहरातल्या कुत्र्यांची शेवा करायला चाललीस," ते म्हणाले, "जपून राहा बाय, ती इंग्रजीत चावतात." सगळी जीप हसली. मीही हसले आणि घाट लागल्यावर रडले.

ठाण्यात जनावरांच्या दवाखान्यात, कॅन्सर विभागाच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. इथे कुत्र्याच्या फाईलवर आडनावसुद्धा असतं. मांजराला केमो चालू असताना मालकीण दुलई घेऊन शेजारी बसते. पाड्यावर कुत्र्याने खाणं सोडलं की आपण म्हणायचो, त्याचं भरलं. सुरुवातीला मला या लाडांचा रागच यायचा. पुढे कळलं, कोणत्या गाठीला कोणतं औषध लागू पडतं हे इथेच शोधलं जातंय. त्यासाठी मेलेल्या जनावराच्या गाठीचा तुकडा लागतो, तोही खराब व्हायच्या आत. मालकाला तो मागायचं काम माझं. कधी थांबायचं, कधी पाणी पुढे करायचं, मला बरोबर जमतं. मॅडम म्हणतात, तुझ्यासारखं हळुवार कुणी विचारत नाही.

दिवाळीला घरी गेले तर काळूच्या हिरडीवर काळी गाठ. बाबा वरून जबड्याला बिब्बा लावत होते. मी म्हटलं, ठाण्याला नेऊ. "म्हातारा झाला तो, गाडीत भ्येल," बाबा म्हणाले. उशीर झालेला मला दिसत होता, म्हणून मीही ताणलं नाही.

पावसाळ्याच्या आधी भावाचा फोन आला, काळू गेला. मी लॅबच्या टेबलापाशी होते. बाबांना फोन द्यायला सांगितला आणि एका दमात बोलले, "बाबा, पुरू नका. कुठे बर्फ मिळतो का बघा. मी निघतेच." आमच्या लॅबकडे पाड्यावरच्या एकाही कुत्र्याचा नमुना नव्हता. काळूचा दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याच्या उपयोगी पडला असता, असं मला खरंच वाटलं. अजूनही वाटतं.

मग बाबा म्हणाले, "आधी रड त जरा, बाय. मंग माग."

त्यांनी त्याला शेताच्या बांधाला पुरलं, उशाला नागलीची भाकर ठेवून. दिवसभर परक्यांशी हळुवार बोलणारी मी, माझ्या बापाशी मायेचा एक शब्द बोलू शकले नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना हे कळेल. कामाची भाषा तोंडात कधी बसते, आपल्याला पत्ता लागत नाही. आणि तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला एवढंच सांगायचंय, मी त्या दिवशी रडले होते. फक्त फोन ठेवल्यावर.

परवा जामसरची आतेबहीण बोलता बोलता म्हणाली, "मामांच्या मानेवरची गाठ जव्हारला काढली, आता बरंय." मामा म्हणजे माझे बाबा. ऑपरेशनला दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत दर रविवारी मी बाबांशी बोलले होते.

मी लगेच फोन लावला. कसं चाललंय, विचारलं.

"बरं हाय," बाबा म्हणाले. "तुजं?"

मीही म्हटलं, बरं आहे. घर म्हणजे आता हे एवढंच उरलंय. मीच त्यांना मला न सांगायला शिकवलं.