विनाशिकेच्या पराक्रमाचा सत्कार

माझा चुलतभाऊ नौदलाच्या विनाशिकेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, बॉयलरखोलीत होता. जहाज इंग्रजांनी महायुद्धात वापरून मग आपल्याला विकलेलं. त्याच्या यंत्रांच्या आवाजानं भावाचे कान गेले, नोकरी सुटली.

आमच्या नाचणगावात, शाळेत त्याचा सत्कार झाला. शाळा समितीचे अध्यक्ष जहाजाच्या पराक्रमावर भरपूर बोलले. ते सगळे पराक्रम इंग्रजांच्या काळातले होते. भावाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. हार गळ्यात पडताच त्यानं अध्यक्षांकडे शाळेतली शिपायाची रिकामी जागा मागितली.

"घंटा वाजवाले कान कायले लागते, भाऊसाहेब?"

अध्यक्ष हसतमुखानं माझ्याकडे वळले. "मास्तरनं हाक मारली तं याले ऐकू येईन का? जमत नाई म्हणा."

ते हसत होते, म्हणून जागा मिळाली असं समजून भाऊ सगळ्यांना नमस्कार करत राहिला.