साडूचा बेस

नांदेडात मिरवणुकीच्या स्पीकरचे, म्हणजे बेसचे, डबे बनवणारा माझ्याएवढा कारागीर झाला नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. एका लग्नात माझ्या बेसनं नवरदेवाच्या अंगाची हळद झडून पडली, बायांना दुसऱ्यांदा लावावी लागली. एका म्हाताऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ मिरवणुकीत चालू झालं, ते अजून बरोबर वेळ दाखवतं. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र खरं आहे, कारण त्यात माझीच फजिती आहे.

माझा साडू लातूरला डाळ मिलमध्ये फिटर. डाळ वरून खाली सोडायचे पत्र्याचे नळ ठोकण्यात त्याचा जन्म गेला. रंधा कोणत्या बाजूनं धरतात हे ज्याला ठाऊक नाही, त्या माणसानं घरच्या घरी कर्ण्याचे बेस बनवले. माझ्या साध्या डब्यात स्पीकर समोर तोंड करून बसतो. कर्ण्याच्या डब्यात तो आत लपतो, आणि आवाज प्लायच्या बोळातून वळणं घेत, रुंद होत होत बाहेर येतो. लातूरच्या एका मिरवणुकीत आमच्या मंडळाची पोरं ते ऐकून आली आणि मला म्हणाली, "काका, तुमचा बेस कानात वाजतो. त्यांचा पोटात वाजून राहिला."

वस्तीच्या जयंतीला कित्येक वर्षं माझेच डबे. यंदा लातूरहून मागवायचं घाटत होतं. मला जळफळाट वगैरे काही झाला नाही. फक्त त्या दिवसापासून तुरीची डाळ घशाखाली उतरेना. बायकोला रोज मूग शिजवायला लावला.

शेवटी मेहुणीच्या गुडघ्याची चौकशी करायला म्हणून एसटीनं लातूर गाठलं. मोज्यात शिंप्याची टेप लपवली होती.

"दाजी, गुडघा बरा होऊन दोन वर्षं झाली की," मेहुणी म्हणाली.

साडू हसला. मी बसल्यावर पँट वर सरकली होती. "साडूभाऊ, ती टेप लहान पडंल. माझी घ्या."

त्यानं मला मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथं अर्धवट झालेला डबा उभा होता, एका बाजूला प्लायऐवजी खिडकीची काच बसवलेली. त्यानं घमेलंभर तूरडाळ वरच्या अरुंद तोंडातून ओतली. डाळ बोळातून सळसळत खाली आली, पण एका वळणावर दोन मुठी अडून राहिली. त्यानं त्या कोपऱ्यात लाकडाचा तिरपा तुकडा ठोकला आणि पुन्हा डाळ ओतली. एक दाणा मागं राहिला नाही.

"डाळ जिथं अडती तिथं आवाज बी अडतो. लई काही न्हाई ह्यात."

वर्तमानपत्राच्या कडेला सगळी मापं लिहून त्यानं कागद माझ्या खिशात घातला. मी चोरी करायला गेलो होतो आणि घरमालकानं पिशवी भरून दिली. असा अपमान माझ्या सासऱ्यानंही कधी केला नव्हता.

तीन आठवडे खपून मी दोन डबे उभे केले. डाळ ओतून पाहिली. बायको म्हणाली, "खायला मूग आणि खेळायला तूर." मग मंडळाच्या पाच जणांना दुपारी बोलावलं. मान म्हणून डब्यासमोरच, हाताच्या अंतरावर, खुर्च्या मांडून बसवलं. आणि गाणं लावलं.

कोंबडीनं पंख झटकावेत एवढा आवाज आला. वाढवला. दोन कोंबड्या.

पोरांनी चहा संपवला. अध्यक्ष म्हणाला, "दिसायला लई भारी झालेत काका." मग माझ्याच फाटकाबाहेर उभं राहून त्यानं लातूरला फोन लावला.

तो फोन संपताच मी साडूला फोन लावला. "एक माप दाबून ठेवलं तुम्ही."

"उभं कुठं होते तुम्ही, साडूभाऊ?"

"माझ्या घरात होतो, तुमच्या न्हाई," म्हणून मी फोन कापला आणि करवत उचलली. पहिला दात प्लायला लागतो तोच बायको आली. तीन गल्ल्या पलीकडे पिठाच्या चक्कीवर गेली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी.

"काय वाजवून राहिले होते हो? चक्कीच्या पत्र्यावरचं सगळं पीठ आमच्या अंगावर आलं."

"इथं तर काहीच आवाज नव्हता."

"मग तिथं काय तुमचा साडू वाजवत होता?"

करवत माझ्या हातातच राहिली. ह्या बेसला अंतर लागतं. जवळच्याशी तो बोलत नाही, लांबच्याला हलवतो. मी पोरांना मान देऊन नेमकं तिथं बसवलं जिथं काहीच नव्हतं. खुर्च्या न देता चक्कीपाशी उन्हात उभं केलं असतं, तर जयंती माझी होती.

धावत अध्यक्षाला गाठलं. तो म्हणाला, "शब्द दिला काका, आता फिरवता येत न्हाई. तुमचे दोन बी आणा, कडंला ठेवू."

जयंतीच्या दुपारी साडू सहा डबे घेऊन आला, आमच्याकडेच जेवला. माझे दोन त्यानं कडेला ठेवले नाहीत, ट्रॉलीवर मधोमध, आपल्या डब्यांना चिकटवून ठेवले. "चिकटून असले की सगळ्यांचं मिळून एकच मोठं तोंड होतं," म्हणाला. मिरवणूक निघाली. मी साठ पावलं पुढं जाऊन ऐकलं. बेंबीपासून दाढेपर्यंत सगळं हलत होतं. त्यात माझं किती, त्याचं किती, कळायला मार्ग नाही. लोक येऊन हात मिळवत होते ते साडूशी. तो प्रत्येकाला सांगत होता, मधले दोन साडूभाऊंचे, आणि लोक माझ्याकडे बघून मान हलवत होते, वऱ्हाडात नवरदेवाच्या चुलत्याकडे बघून हलवतात तशी.

मला राहवलं नाही. ट्रॉलीच्या मागं गेलो, साडूच्या डब्यांची म्हणून एक तार चाचपून उपसली आणि गर्दीतून पुढं येऊन उभा राहिलो.

बेस उतरला. नाचणाऱ्यांचे पाय ढिले पडले. शेजारची म्हातारी म्हणाली, "आत्ता काय झालं गं, जीवच गेला की त्याच्यातला." माझ्या काळजाला असा गारवा वाटला म्हणून सांगू.

साडू ट्रॉलीवर चढला, वाकून बघितलं, तार बसवली. मग गर्दीतून माझ्यापाशी आला, घाम पुसत.

"साडूभाऊ, तुमच्याच दोघांची तार निघाली होती बघा. दोन डबे गेले तर निम्मा दम गेला. काय काम केलंय तुम्ही."

वस्तीसमोर, म्हातारीसमोर, अध्यक्षासमोर म्हणाला. इतकी वर्षं जे ऐकायला कान टवकारले होते ते ह्या माणसाच्या तोंडून आलं, आणि ते कसं सिद्ध झालं हे मला कुणाला सांगता येईना.

"तार नीट कसायला पायजे होती तुम्ही," मी म्हणालो.

"हाव, चुकलंच माझं," तो म्हणाला, आणि पुन्हा ट्रॉलीकडे गेला.