आठ पूर्वेला, अकरा उत्तरेला

पृथ्वी गोल आहे, हे नगररचना कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर कुणी नाकारत नसे. तिथे त्याचा कुणाला उपयोग नव्हता एवढंच. रस्ता सपाट कागदावर आखायचा, गटार सपाट कागदावर, आणि मंजुरीची सही तर दुसरीकडे कुठे होतच नाही. त्यामुळे कुणाला तरी रोज बसून हा गोल सपाट करून द्यावा लागे. बरीच वर्षं हे काम एकाच माणसाकडे होतं, म्हणून कार्यालयाने त्याचं नाव सपाटराव ठेवलं होतं. हळूहळू ते त्यांच्या खांद्यांनाही शोभू लागलं.

काम सांगायला सोपं होतं. मोजणीवाले उन्हात यंत्र घेऊन उभे राहत आणि एकेका बिंदूचे अक्षांश-रेखांश आणत. ते अंशांत. खणणाऱ्याला अंश देऊन भागत नाही, त्याला मीटर लागतात. सपाटराव आकडे संगणकात घालत, सॉफ्टवेअर त्यांचे पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे मीटर करून देई आणि बिंदू शहराच्या नकाशावर जाऊन बसत. म्हणजे बसायला हवे होते. पण शहराचा मूळ नकाशा फार जुना. तो काढणाऱ्यांनी पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरला होता, त्यामुळे नवे बिंदू जुन्या नकाशावर थोडे बाजूला पडत. यावर कुणा पूर्वसूरींनी तोडगा काढून ठेवला होता: सगळं उचलून आठ मीटर पूर्वेला आणि अकरा मीटर उत्तरेला सरकवायचं. आठच का, हे विचारायची पद्धत नव्हती. नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी संडास कुठे आहे ते सांगत आणि मग ‘आठ-अकरा’ सांगत. सपाटरावांना तर ते पाढ्यासारखं झालं होतं. त्यांची बोटंच ते करत, त्यांना कळवतही नसत.

एका सकाळी ताई कार्यालयात आली. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. जिने चढून धाप लागली होती, तरी बोलण्यापुरता दम तिच्याकडे होता.

“बाबू, माझ्या स्वयंपाकघरातून रस्ता काढलायस?”

नवा जोडरस्ता बहुतेक मोकळ्या जागेतून आणि एका बंद कारखान्याच्या आवारातून जात होता. फक्त ताईच्या गल्लीच्या टोकाला तो घरांना भिडत होता. सकाळी माणसं येऊन तिच्या मागच्या भिंतीवर लाल फुली मारून गेली होती.

“मी नाही काढला, ताई. आखणी सल्लागारांची आहे. मी नुसती नकाशावर बसवतो.”

“अस्सं. म्हणजे फाशी देणारा वेगळा, तू फक्त दोर मोजून देतोस.”

शेजारच्या टेबलावरच्या आरेखकाने, ज्याला सगळे मामा म्हणत, तिला खुर्ची दिली आणि कान तेवढे इकडे ठेवून मान कागदात घातली.

“मशीन चुकत नाही गं,” सपाटराव म्हणाले. हे वाक्य ते वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले होते.

“मशीन कशाला चुकेल? दुधाला पाठवलं की दूध घेऊन यायचास आणि दुसऱ्याचं भांडं. तेव्हा काय मशीन होतं? एकदा बघ तरी. नाही म्हणायचं तर बघून नाही म्हण.”

ताईने या घरात नवऱ्याचं आजारपण काढलं होतं, दोन मुलींची लग्नं केली होती आणि आता एकटी राहत होती. दुसरीकडे जायचं तर कुठे, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. सपाटरावांपाशीही नव्हतं, त्यांच्या घरी झोपायची जागा आधीच वाटून संपली होती. म्हणून त्यांनी बघायचं ठरवलं. चूक सापडेल असं त्यांना वाटत नव्हतं. बघितलं, असं सांगता यावं, एवढाच हेतू.

पडताळायची रीत त्यांना माहीत होती, फक्त ती वापरायची वेळ फार दिवसांत आली नव्हती. पोस्टाच्या कोपऱ्यावर मोजणीचा एक जुना दगड होता. त्याची नकाशावरची जागा पक्की. ते यंत्र घेऊन तिथे गेले, दगडाचे अक्षांश-रेखांश घेतले, परत येऊन आकडे घातले आणि सवयीने आठ-अकरा केलं. दगड पोस्टाच्या आत, तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्यांनी पुन्हा केलं. दगड पुन्हा रांगेत.

मग त्यांनी न सरकवता केलं. दगड जिथे होता तिथेच बसला.

गेल्या वर्षी कार्यालयाने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. जुनं नीट चालत होतं, याहून वेगळं कारण कुणाला सांगता आलं नव्हतं. या नव्याला जुन्या नकाशाची पृथ्वी ठाऊक होती. जुळवाजुळव ते स्वतःच करून देत होतं. त्यावर सपाटराव हाताने परत एकदा करत होते. औषध आईनेही पाजावं आणि आजीनेही, तसं.

“मामा, वर्षभर आपण दोनदा सरकवतोय.”

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. “तरीच शाळेच्या फाटकात दिव्याचा खांब! काय झापलं होतं त्या ठेकेदाराला. बिचारा शपथा घेत होता, नकाशाप्रमाणेच रोवलाय म्हणून.”

“जोडरस्ताही तसाच.”

“मग ताईंचं घर सुटलं की!”

सपाटरावांनी संगणकाचा पडदा मामांकडे वळवला. त्यांनी रेघ मागे घेऊन पाहिली होती. ती ताईच्या स्वयंपाकघरातून निघाली, गल्ली ओलांडली आणि समोरच्या घड्याळजीच्या घरावर जाऊन निजली. खाली दुकान, मागे राहायची खोली. रेघ दोन्हींवरून गेली होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला.

“बहीण सख्खी की चुलत?”

“सख्खी.”

“चुलत असती तर बरं झालं असतं.” साहेबांनी चष्मा परत चढवला. “टिपणी मामांच्या नावाने जाऊ दे.”

मामा दारातूनच म्हणाले, “साहेब, मी निवृत्तीला टेकलोय. मला आता बहीण कुणाचीच नको.”

शेवटी दुसऱ्या विभागातून माणूस बोलावला. त्यानेही दगडापाशी जाऊन तेच काढलं आणि जाताना, ‘अख्खं वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही?’ असं विचारून गेला. टिपणी सपाटरावांच्याच नावाने गेली. चूक त्यांची, दुरुस्ती त्यांची. आणि फायदाही त्यांचाच, हे लिहिलं नव्हतं, पण चहाच्या टेबलावर सगळ्यांना तोंडपाठ होतं.

घड्याळजी कार्यालयात आला तो अंगावर स्वच्छ शर्ट घालून. भांडायला येणारा माणूस असा येत नाही, म्हणून सपाटराव जास्त घाबरले.

“मला फक्त समजावून सांगा,” तो म्हणाला. “रेघ आधी चुकली होती, की आता?”

सपाटरावांनी सांगितलं. जुना नकाशा, नवं सॉफ्टवेअर, दगड. घड्याळजी एका डोळ्याने ऐकत होता. दुसरा भिंग लावून लावून कायमचा मिटल्यासारखा झाला होता.

“म्हणजे घरात नवऱ्याने घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवावं आणि बायकोला ते माहीत नसल्यामुळे तिनेही करावं, तसं.”

“अगदी तसंच.”

“अशी घड्याळं येतात माझ्याकडे. बिघडलंय म्हणून आणतात.” त्याने टेबलावरचा नकाशा आपल्याकडे फिरवला. “आणि बहीण तुमचीच.”

“माझीच.”

“मला पटलं हो. पण गल्लीला नाही पटायचं. मलाही घरी जाईपर्यंत पटेनासं होईल.” तो उठला, परत बसला. “एक करा. पुन्हा एकदा बघा. एक चूक सापडली, तर अजून एखादी असेलच की.”

सपाटराव हो म्हणाले. त्यांना नाही म्हणायचाही कंटाळा आला होता, आणि शिवाय त्या माणसाचं चुकत काहीच नव्हतं.

रविवारी ते ताईकडे गेले. ताई खुशीत होती. चहाला साखर जास्त पडली होती. गल्लीतून येताना एकाने त्यांना वाकून नमस्कार केला होता, दुसऱ्याने आपल्या मेव्हण्याच्या कुंपणाबद्दल विचारलं होतं.

“ताई, तू लोकांना सांगतेयस का, की मी रस्ता हलवला?”

“मग? हलवलाच ना.”

“हलवला नाही. चुकला होता, तो जाग्यावर आणला. घड्याळजीला तेवढं जाऊन सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याला जरा बरं वाटेल.”

ताईने कप खाली ठेवला. “बाबू, तू शिकलास खूप, पण राहिलास तसाच. भाऊ मोठा आहे म्हणून घर वाचलं म्हटलं, तर उद्या इकडे कुणी बोट करणार नाही. चुकून वाचलं म्हटलं, तर उद्या परत कुणीतरी चुकेल. मी एकटी बाई. मला तुझं खरं परवडत नाही.”

यावर सपाटरावांना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्यातलं काहीच तिच्या भिंतीइतकं पक्कं नव्हतं. त्यांनी तो गोड चहा संपवला.

बाहेर पडले तेव्हा समोर घड्याळजीचं दुकान उघडं होतं. भिंतीवरची घड्याळं उतरवून त्याने खोक्यांत भरली होती, आणि तरी कुठल्या तरी खोक्यात एक टिकटिकत होतं.

“बघितलंत?”

“बघितलं. दोनदा. सल्लागारांचे मूळ आकडेही मागवून बघितले.”

“मग?”

“बरोबर आहे.”

घड्याळजीने मान हलवली. “वर्षभर तुमचं सगळं चुकलं. बरोबर यायला माझंच घर मिळालं.”

सपाटराव पायरीवर तसेच उभे राहिले. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्यांतून लोक बघत होते. वशिलेवाला भाऊ आता काय करतो, याचीच उत्सुकता असावी. घड्याळजी कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाशी गेला, त्याला खांदा लावून पाहिला. ते हललं नाही.

“ते टोक धरा,” तो म्हणाला.

कपाट जड होतं. दारातून आडवं निघेना, म्हणून त्यांनी ते खाली टेकवलं, उभं केलं, पुन्हा उचललं. सपाटरावांच्या कमरेत कळ आली. त्यांनी टोक सोडलं नाही.

“डावीकडे घ्या,” घड्याळजी म्हणाला. “अजून थोडं.”

ते थोडं डावीकडे सरकले.