ओहोटीच्या वेळेला निघणारा माणूस

त्या दिवशी हे अकरा वाजता सायकल काढून निघाले, तेव्हा मी गॅसवर कढी ठेवली होती. फाल्गुन सरत आलेला, लखनऊची हवा अशी की घरात थांबावंसं वाटू नये. तरी मी विचारलंच, की काल दहाला गेलात, परवा नऊला, ही फिरायला जायची कुठली रीत? हसले फक्त. एक वाजता परत आले, कढीभात जेवले, आडवे झाले... आणि मी चहाला उठवायला गेले तर उठलेच नाहीत. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस इतका निमूट जातो, याचाही मला आधी संशयच आला.

संशयाचं सांगते. हे रत्नागिरीकडचे, मी नागपूरची. यांच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीपायी इथे आलो, मीही शाळेत शिकवू लागले आणि अलीगंजातलं घर दोघांनी मिळून बांधलं. निवृत्तीनंतर यांचे धाकटे भाऊ बापू दर उन्हाळ्यात गावच्या जागेचं काढायचे, दादा आता इकडेच या म्हणून. मला ते नकोच होतं. माझ्या मैत्रिणी इथे, माझी भाजीवाली इथे, भांडायला पाणीवाला भैया इथे. तिकडे मी कोण, तर दादांची बायको.

दोन वर्षांपासून थंडी सरली की यांचं नवीन सुरू झालं. फोन एकदा वाजून बंद व्हायचा, नाव बापूंचं, आणि हे लगेच पायात चपला सरकवायचे. वेळ रोज पुढे जायची. आज सकाळी सातला, उद्या आठ वाजत आलेले, आठवड्याभरात भर दुपार. कधी बख्शी का तालाबच्या रस्त्याला शेतांमधून, बहुतेकदा गोमतीकाठी. सायकल रमतगमत, मग उतरून पायी. बूट घेऊन दिले ते कोरे करकरीत, चपलांना मात्र वाळू. लेकाला म्हटलं, दोघा भावांचं मिळून घर विकायचं घाटतंय. तो म्हणाला, "मम्मी, पापा साइकिल ही तो चला रहे हैं, यार." यार म्हणे आईला!

दिवसांना बापू आले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी त्यांना पोहे दिले आणि समोरच बसले. म्हटलं, आता खरं सांगा, तुमचं काय चाललं होतं?

बापूंनी बशी खाली ठेवली. "वहिनी, ओहोटी लागली की मी मिस कॉल द्यायचो."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, की पाणी ओसरलं की पुळणीवरची ओली वाळू घट्ट होते, तिच्यावर सायकल चालते. लहानपणी दोघे तेव्हाच निघायचे. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. नागपूरच्या मला हे कोण सांगणार? मला वाटायचं, समुद्र असतो तिथे असतो. तर बापू तिकडे किनाऱ्यावरून चालायचे, हे इकडे नदीकाठी, फोन दोघांचे चालू. बोलणं फारसं नाहीच.

"गोमतीला कसली आलीय ओहोटी?" मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही हसाल म्हणाला दादा."

हसले असते, खरं आहे. पण मी सोडते थोडीच. घराचं काय, विचारलं. बापू म्हणाले, "मी काढायचो विषय. दादा म्हणायचा, समुद्र ऐकव, जागेचं बोलू नकोस. घर आमचं अलीगंजात आहे."

आमचं म्हणाले. हे मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत. बापू माझ्या समाधानासाठी रचून सांगताहेत का, असंही मनात येऊन गेलं. कोकणातली माणसं गोड बोलतात, चाळीस वर्षं पाहतेय.

आता बापू मलाच फोन करतात, वेळी-अवेळी. मी व्हरांड्यात यांच्या खुर्चीवर बसून ऐकते. नुसती घरघर येते. काल म्हटलं, "बापू, हा समुद्रच ना, की पंख्यासमोर फोन धरलाय?"

"या ना वहिनी, स्वतः बघा."

"येईन," मी म्हटलं. "पण परतीचं तिकीट आधी पाठवा."