सभेच्या आधीचा वृत्तांत

पाणीपुरवठा खात्याच्या जनसंपर्क अधिकारी बाईंना शहरात कुणी नावानं ओळखत नसे. त्या खुलासाताई होत्या. नळाला पाणी आलं नाही की त्यांचा खुलासा, आलं आणि पिवळं आलं की खुलासा, पिवळ्या पाण्याबरोबर एखादा छोटा मासा आला की विशेष खुलासा. एकतीस वर्षं हे चाललं होतं. फोनवर त्यांचा आवाज इतका थंड आणि समजूतदार असे, की तावातावानं भांडायला फोन केलेला माणूस शेवटी आपल्याच टाकीचं झाकण उघडं राहिल्याचं कबूल करून, वर माफी मागून फोन ठेवी.

अशा ह्या बाई जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेत अठरा वर्षं चिटणीस होत्या. शिवाय शाखेच्या मासिक वार्तापत्राच्या संपादक, वार्ताहर, मुद्रितशोधक आणि वेळ पडली तर पोस्टमनसुद्धा.

शाखा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. कागदावर चाळीस सभासद, खुर्च्यांवर पंधरा-सोळा. जागा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची, जिथल्या दोन पंख्यांपैकी एक नुसताच आवाज करी. सभासद एकमेकांना कचेरीवरून हाक मारत. बँकवाले, विद्यापीठवाले, हॉस्पिटलवाल्या मॅडम, बसवाले आजोबा. ह्या आजोबांना परिवहन खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, निदान शाखेत तरी. साऱ्या शहराच्या संस्थांची प्रतिमा घासूनपुसून लख्ख करणारी ही मंडळी. त्यांच्या स्वतःच्या शाखेबद्दल मात्र खालच्या शिपायालाही पत्ता नव्हता. तो त्यांना आजवर विमा विकणारे समजत आला होता.

ह्या शाखेची एक रीत होती, जी दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसांना सुचलीच नसती. इथे सभेचा वृत्तांत सभेच्या आधी छापला जाई.

त्यात तोंडात बोट घालण्यासारखं काही नाही. फीत कापायची असते सकाळी अकराला, आणि ‘उत्साहात उद्घाटन’ हे आदल्या दिवशीच लिहून तयार असतं. जनसंपर्कवाल्याचं ते नित्यकर्मच. शाखेनं फक्त एक पाऊल पुढे टाकलं. टपालाची कटकट नको म्हणून वार्तापत्र सभेतच वाटायचं ठरलं, आणि वाटायचं तर त्यात ताजी बातमी हवी, म्हणून त्याच सभेची बातमी आधी छापायची. हळूहळू माणसं वृत्तांत वाचून सभा चालवू लागली. विद्यापीठवाले बोलायला उठण्याआधी पान तीन उघडून बघत, “मी आज काय म्हणालोय?” आणि मग तेवढंच म्हणून खाली बसत. एकदा तर प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. छापील वृत्तांतात मात्र त्यांनी मार्मिक विवेचन केलं होतं. चार दिवसांनी त्यांचा खुलासाताईंना फोन आला, “माझं भाषण फार छान घेतलंत हो! एक प्रत माझ्या बहिणीलाही पाठवाल का?”

ठराव नेहमी एकमतानं संमत होत. अठरा वर्षांत त्या खोलीत हात वर झाला तो फक्त चहाचे कप मोजायला.

गेल्या वर्षी शाखेला नवे अध्यक्ष मिळाले. एका घरं बांधणाऱ्या कंपनीचे जनसंपर्क प्रमुख. वय बेचाळीस, बूट आरशासारखे. बोलताना दोन्ही हातांनी हवेत एक न दिसणारा खोका धरायची त्यांना सवय होती. वाईट माणूस नव्हे. फक्त त्यांना सगळं ताजं हवं असे, भाजी सोडून. भाजी त्यांची बायको आणी.

वार्षिक सभा शनिवारी होती. मंगळवारी अध्यक्षांनी वृत्तांत स्वतःच लिहून पाठवला. ‘ताई, तुमचा त्रास वाचावा म्हणून,’ असं वर लिहिलेलं. खुलासाताईंनी कचेरीत, दुपारच्या चहाबरोबर तो वाचायला घेतला.

‘ठराव क्रमांक तीन. सेवेतून निवृत्त होणाऱ्या सभासदाचे सभासदत्व निवृत्तीच्या दिवशी संपुष्टात येईल. ठराव एकमताने संमत झाला. ह्या महिनाअखेरीस निवृत्त होत असलेल्या चिटणीस बाईंनी ठरावाचे मनःपूर्वक स्वागत केले. त्यांना पुष्पगुच्छ देण्यात आला. उत्तरादाखल बोलताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. आता नातवंडांत रमणार, असे त्या म्हणाल्या.’

खुलासाताईंनी हे दोनदा वाचलं. सवयीनं एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला.

“वाचलंत ताई? कसं वाटलं?” पलीकडून अध्यक्ष म्हणाले.

“मी रडले का हो?”

“अहो, निरोपाला रडतातच की! वाचायला बरं वाटतं.”

“आणि नातवंडं कुठली?”

“ते आपलं जनरल आहे. हवं तर बदला. बागकाम करा.”

खुलासाताईंची एकुलती एक मुलगी मालवाहू जहाजावर इंजिनिअर होती, आणि लग्नाचा विषय निघाला की भर समुद्रात तिचं नेटवर्क जात असे. बागेच्या नावानं घरात एक कोरफड होती, तीही दुर्लक्षामुळेच जगलेली.

“आणि ठराव?”

“तो तुमच्याबद्दल नाहीच आहे, ताई! सगळ्यांबद्दल आहे. शाखेला तरुण चेहरा हवा. वार्तापत्र आता मोबाइलवर काढायचं, एका एजन्सीशी बोलणं झालंय.”

“सभेत कुणी विरोध केला तर?”

अध्यक्ष मनापासून गोंधळले. “विरोध? पण वृत्तांतात विरोध कुठे आहे?”

संध्याकाळी घरी त्यांनी तो कागद नवऱ्यापुढे टाकला. नवरा भूगोलाचा मास्तर, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातली प्रत्येक बरणी तिच्या योग्य अक्षांश-रेखांशावर बसवण्याच्या मागे लागलेला. त्यानं वाचलं आणि चष्मा काढला.

“तू रडलीस? तेहतीस वर्षं झाली लग्नाला, मी अजून वाट बघतोय.”

“चेष्टा पुरे. खात्यातली खुर्ची एकतीस तारखेला जाणार, ते कबूल. नियम आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच दिवशी हीसुद्धा? मग एक तारखेला सकाळी उठून मी करू काय? तुमच्याबरोबर बरण्या हलवू?”

“बरण्या मी हलवतो. तिथे जागा रिकामी नाही.”

“बघा! घरातही नाही.” त्या खुर्चीत बसल्या. “अठरा वर्षं मी त्या पंधरा माणसांच्या तोंडात शब्द घातले. आता माझ्या तोंडात ह्यानं घातले, आणि मी स्वल्पविराम दुरुस्त करत बसले!”

नवऱ्यानं हातातली बरणी खाली ठेवली. “मग नाही म्हण की.”

“मी नाही म्हणते का कधी? मी ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ म्हणते.”

“तर मग छापू नकोस.”

“पान रिकामं जाईल.”

“जाऊ दे. जुन्या नकाशांत जिथलं कुणाला ठाऊक नसे तिथे कोरंच सोडायचे. लाज नव्हती वाटत त्यांना.”

बुधवारी सकाळी ताई छापखान्यात गेल्या. छापखानेवाले काका शाईच्या बोटांनी पानं उलटत तिसऱ्यापाशी थांबले.

“ताई, हे कोरं? मजकूर वाटेत पडला की काय तुमच्या हातून?”

“मुद्दाम आहे.”

“जाहिरात टाकू? माझ्याकडे पायमोज्यांची एक पडून आहे. छान मोजे आहेत.”

“काहीही टाकायचं नाही. वर एकच ओळ. ‘ह्या सभेचा वृत्तांत सभा झाल्यावर लिहिला जाईल.’”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “सभा झाल्यावर? शिळा नाही का होणार तो?”

“होऊ दे शिळा.”

लपवाछपवी ताईंना करायची नव्हती. छापखान्यातूनच त्यांनी अध्यक्षांना निरोप पाठवला, ‘आपण दिलेला मजकूर छापत नाही. शनिवारी सभेत बोलू.’ अध्यक्ष त्या वेळी एका नव्या इमारतीच्या समारंभात होते. त्यांनी न वाचता अंगठा पाठवला.

शनिवारी पाच वाजता सोळा माणसं जमली. वार्तापत्रं हातोहात गेली, सवयीनं सगळ्यांनी पान तीन उघडलं, आणि खोलीत फक्त त्या एका पंख्याचा आवाज उरला. परीक्षेत प्रश्नपत्रिका कोरी मिळाली तर हुशार मुलांचे चेहरे जसे होतील, तसे सगळ्यांचे झाले.

विद्यापीठवाले चाचरत उठले. “ताई, मी आज काय बोललोय ते छापायचं राहिलंय.”

“तुम्ही अजून बोललाच नाहीत.”

“हो, पण काय बोलणार आहे?”

“ते तुम्हाला ठाऊक.”

“मला कसं ठाऊक असणार!” असं कळवळून म्हणत ते खाली बसले.

अध्यक्षांनी कोऱ्या पानाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, मग मोबाइलमध्ये ताईंचा बुधवारचा निरोप शोधून पाहिला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण माणूस व्यवसायातला होता. त्यांनी हवेतला खोका नीट धरला आणि ठराव क्रमांक तीन मोबाइलवरून वाचून दाखवला. “तर मंडळी, एकमतानं संमत समजायचा ना?”

दोन-तीन माना सवयीनं हलल्याही.

“माझा विरोध आहे,” खुलासाताई उभ्या राहून म्हणाल्या.

आवाज तोच, फोनवरचा. पण आज त्या आवाजाच्या मागे खातं नव्हतं.

“ह्या सभेत मी काय करणार ते मंगळवारीच लिहून आलं होतं. मी स्वागत केलं, मी रडले, मी नातवंडांत रमले. मला नातवंडं नाहीत. रडू आलं तर घरी रडेन, तिथे वाट बघणारा माणूस आहे. तुम्हाला मी नको असेन तर जरूर काढा. पण हात वर करून काढा. ‘एकमताने’च्या मागे लपून काढायचं नाही. मी स्वतः तो शब्द दोनशे वेळा लिहिलाय. त्याच्यामागे किती माणसं लपतात ते मला चांगलं माहीत आहे.”

बसवाले आजोबा जागे झाले. “थांबा. निवृत्त म्हणजे… मीही?”

“तुम्हाला सन्माननीय सल्लागार करणार आहोत, आजोबा,” अध्यक्ष घाईनं म्हणाले.

“सल्ला कुणाला हवाय इथे? अकरा वर्षांत कुणी वेळ विचारली नाही मला!”

मग मात्र बांध फुटला. बँकवाले म्हणाले, वार्तापत्र मोबाइलवर गेलं तर वाईट काय? विद्यापीठवाल्यांनी सांगितलं, आपल्या मोबाइलवर आधीच तीनशे न वाचलेले निरोप आहेत, त्यात आणखी एक. कुणीतरी पंख्याचा विषय काढला. हॉस्पिटलवाल्या मॅडम उभ्या राहिल्या आणि ताईंकडे सरळ बघत म्हणाल्या, “ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण माझ्या कचेरीतली तरुण मुलं इथे येतच नाहीत. म्हणतात, तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं. मी ठरावाच्या बाजूनं आहे.”

ताईंना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं, की आपण लिहून न दिलेलं वाक्य मॅडमच्या तोंडून त्या आज पहिल्यांदाच ऐकत होत्या. चांगलं बोलायच्या की ह्या बाई!

मतदानाची वेळ आली तेव्हा ते कसं करतात हेच कुणाला आठवेना. अध्यक्ष म्हणाले, मी अध्यक्ष, बरोबरी झाली तरच मत देईन. ते पटलं. बँकवाल्यांनी शंका काढली, “ताईंना स्वतःविषयीच्या ठरावावर मत देता येईल का?”

“तो माझ्याविषयी नाहीच,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांबद्दल आहे. हो ना, अध्यक्ष?”

अध्यक्षांनी खोका खाली ठेवला. “हो,” ते म्हणाले.

बाजूनं सात हात. विरोधातली मोजणी जरा लांबली, कारण आजोबांनी दोन्ही हात वर केले होते. समजूत घालून एक उतरवला. सात झाले. मग खुलासाताईंनी आपला हात वर केला, कोपरातून सरळ, शाळेतल्यासारखा. आठ.

चहाच्या वेळी अध्यक्ष कप घेऊन त्यांच्याजवळ आले. “अभिनंदन, ताई. झालं ते झालं. फक्त वृत्तांतात ‘सविस्तर चर्चेअंती ठराव मागे घेण्यात आला’ एवढं करा. अंक केंद्रीय कार्यालयात जातो. फूट दिसायला नको.”

“मागे कुठे घेतलात? पडला तो.”

“‘पडला’ वाचायला बरं नाही वाटत.”

“आठ विरुद्ध सात. असंच जाणार.”

“आणि माझा उल्लेख?”

“ठराव मांडणारे म्हणून. तुमचा मुद्दाही देईन, पूर्ण. मॅडमचासुद्धा.”

अध्यक्षांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. “पुढच्या वर्षी मी हा ठराव परत आणणार.”

“आणा की! मी हात वर करायला येईन.”

रविवारी सकाळी ताई जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसल्या. ‘सभा मोठ्या उत्साहात’ असं हातानं आपोआप लिहिलं, ते खोडलं. एकतीस वर्षं सराईतपणे चाललेलं पेन घडून गेलेल्या गोष्टीपुढे अडखळत होतं. त्यांनी हॉस्पिटलवाल्या मॅडमना फोन लावला.

“तुम्ही ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ म्हणालात, की ‘आधीच छापलेलं’?”

“ठरलेलं. पण ताई, ते नका ना छापू.”

“म्हणाला होतात ना?”

“म्हणाले होते.”

“मग छापते.”

दुपारपर्यंत अर्धं पान भरलं. नवऱ्यानं मागून वाकून शेवटची ओळ वाचली. ‘ठराव आठ विरुद्ध सात मतांनी पडला. चिटणीस बाईंनी ठरावाच्या विरोधात मत दिले.’

“‘नम्रपणे मत दिले’ असं घाल,” तो म्हणाला. “जरा बरं दिसेल.”

“नम्रपणे नव्हतं दिलं,” खुलासाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची ओळ सुरू केली.